‘४५व्या वर्षी निवृत्त व्हा’ सांगणारे कॅल्क्युलेटर: एक परीक्षण

बँक, म्युच्युअल फंड, विमा कंपनी, शेअर दलालाचं ॲप, कुठेही जा, निवृत्तीचा एक फुकट कॅल्क्युलेटर असतोच. वयाची पट्टी ६० वरून ४५ वर ओढायची, महिन्याचा खर्च टाकायचा, की कोटींतला एक आकडा येतो आणि त्याच्या खाली ‘एसआयपी सुरू करा’, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम फंडात टाका, असं ठळक बटण. ऑफिसात चहाच्या वेळी ‘माझा आकडा अमुक कोटी’ म्हणून जो सांगितला जातो, तो बहुतेक वेळा इथूनच आलेला असतो. रंगरंगोटी निराळी असली तरी आतलं गणित सगळीकडे जवळपास सारखंच आहे. म्हणून हे परीक्षण एखाद्या कंपनीच्या कॅल्क्युलेटरचं नाही, या सगळ्या जातीचंच आहे.

चाचणीसाठी एक कल्पित कुटुंब घेऊ. वय ४०. पुण्यात स्वतःचा फ्लॅट. हातात येणारा पगार महिन्याला १ लाख ६० हजार, घरखर्च ६०,०००. आजवरची गुंतवणूक १ कोटी १० लाख, आणि मुलांच्या उच्चशिक्षणाचे पैसे त्यात धरलेले नाहीत. ४५व्या वर्षी थांबायचं आणि ८५ पर्यंत पुरवायचं. महागाई ६ टक्के, निवृत्तीआधी परतावा १२ टक्के, नंतर ८ टक्के. हे तीन दर किंवा त्यांच्या आसपासचे दर बऱ्याच ठिकाणी आधीच भरलेले सापडतात.

उत्तर असं येतं: आजचे ६०,००० पाच वर्षांनी ८०,३०० होतील, म्हणजे वर्षाला साधारण ९ लाख ६४ हजार. ते दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढवत ४० वर्षं पुरवायला ४५व्या वर्षी २ कोटी ७४ लाख हवेत. जवळचे १ कोटी १० लाख तोवर १ कोटी ९४ लाख होतील. उरलेल्या ८० लाखांसाठी महिन्याला सुमारे ९७,००० रुपयांची एसआयपी. कागदावर हाताने मांडून पाहिलं तरी हेच आकडे येतात. बेरीज-वजाबाकीत खोट नाही. खोट आहे ती आधीच भरून ठेवलेल्या दरांत, आणि त्याहून जास्त, जे विचारलंच जात नाही त्यात.

आधी तो १२ टक्क्यांचा दर. शेअर बाजारात पंधरा-वीस वर्षं थांबणाऱ्याने १२ धरले तर एकवेळ चालेल. इथे मुदत पाचच वर्षांची आहे, आणि पाच वर्षांनी लागणारा पैसा कोणी शहाणा माणूस सगळाच्या सगळा शेअरमध्ये ठेवत नाही. निम्मा रोख्यांत, म्हणजे ठरावीक व्याज देणाऱ्या कर्जरोख्यांत, ठेवला तर ९ टक्के धरणं रास्त. पट्टी १२ वरून ९ वर आणली की तीच एसआयपी ९७,००० वरून १ लाख ३८ हजारांवर जाते. त्यात आणखी एक बारीक गोम आहे. एसआयपीचं गणित करताना बरेच कॅल्क्युलेटर १२ टक्क्यांना १२ ने भागून महिन्याला १ टक्का धरतात. महिन्याला १ टक्का म्हणजे चक्रवाढीने वर्षाला १२.६८ टक्के होतात. तुम्ही १२ निवडले, त्याने गुपचूप पाऊण टक्क्याच्या आसपास वर दिलं. एकरकमी गुंतवणुकीला मात्र त्याच पानावर सरळ १२ लावलेले असतात.

महागाईच्या पट्टीला हात लावलात तर धक्का जास्त मोठा. ६ ऐवजी ७ करा आणि बाकी काही बदलू नका: २ कोटी ७४ लाखांचे ३ कोटी ३९ लाख होतात. एका टक्क्याला ६५ लाख. उलट बाजूने, महागाई ६ च ठेवून निवृत्तीनंतरचा परतावा ८ वरून ७ केला तर ३ कोटी २३ लाख. चाळीस वर्षांच्या हिशेबात परतावा आणि महागाई यांच्यातला फरक तेवढाच कामाचा असतो; दोन्ही दर वेगवेगळे किती आहेत याला फारसा अर्थ नाही. कॅल्क्युलेटर मात्र हा फरक कुठेही एका ओळीत दाखवत नाही. आयुर्मानाचं तसंच. काही ठिकाणी ते ७५ भरलेलं असतं. ७५ ठेवलं तर २ कोटी २३ लाख, ९० केलं तर २ कोटी ९६ लाख. जोडप्यात धाकट्याचं वय धरायचं, थोरल्याचं नाही. नवरा चार वर्षांनी मोठा असेल आणि पैसा बायकोच्या नव्वदीपर्यंत पुरायचा असेल, तर त्याच्या वयाच्या हिशेबाने ९४ टाकायला हवेत.

आता सगळ्यात महागडी चूक. समजा त्या ६०,००० मध्ये घरकर्जाचा २२,००० रुपयांचा हप्ता आहे, आणि ४५व्या वर्षी कर्जाची तीन वर्षं उरलेली असतील. हप्ता महागाईने वाढत नाही आणि ४८व्या वर्षी संपतो. कॅल्क्युलेटरमध्ये मात्र ‘मासिक खर्च’ असा एकच रकाना आहे. तो त्या २२,००० ना ६ टक्क्यांनी फुगवत पंच्याऐंशीपर्यंत नेतो आणि एवढ्या हप्त्यासाठी २ कोटी ७४ लाखांपैकी जवळजवळ १ कोटी मागतो. खरं देणं किती? साडेआठ टक्के व्याजाने २२,००० चे ३६ हप्ते म्हणजे त्या दिवशीची मुद्दल ७ लाखांच्या आत. हप्ता बाहेर काढून बाकी खर्च टाका आणि उरलेली मुद्दल आलेल्या आकड्यात वेगळी मिळवा, एवढाच उपाय आहे. शाळेच्या फीला हीच रीत. फी तर महागाईपेक्षा जोरात वाढते आणि ठरावीक वर्षी थांबते. तिला एकच रकाना लावणं दोन्हीकडून चुकतं.

याच्या उलट जे खर्च महिन्याच्या यादीत येत नाहीत ते हिशेबातच नसतात. दर दहा-बारा वर्षांनी गाडी, सोसायटीचं रंगकाम आणि लिफ्ट, घरातल्या थोरल्यांचं आजारपण. काही कॅल्क्युलेटर तर निवृत्तीनंतर खर्च आजच्या ७०-८० टक्के होईल असं परस्पर धरून चालतात. साठीला, मुलं मार्गी लागल्यावर, ते समजू शकतं. पंचेचाळिशीत पोरगं नववीत असताना कोणता खर्च कमी होणार आहे? ऑफिसला जायचं पेट्रोल वाचेल. मोकळा दिवस मात्र स्वस्तात जात नाही.

‘खर्चाच्या २५ पट जमवा’ हा मंत्रही बऱ्याच ठिकाणी चिकटवलेला दिसतो. तो अमेरिकेतला आहे. विल्यम बेंगेन या आर्थिक सल्लागाराने १९९४ मध्ये तिथल्या शेअर आणि सरकारी रोख्यांच्या जुन्या आकड्यांवरून तो मांडला. पहिल्या वर्षी ४ टक्के काढा, पुढे महागाईइतके वाढवा, पैसा ३० वर्षं पुरतो, असं ते म्हणणं. तिथली महागाई, तिथले रोखे, आणि पासष्टीच्या आसपास निवृत्त होणारा माणूस. आपल्या कुटुंबाला ४० वर्षं काढायची आहेत. २५ पट म्हणजे २ कोटी ४१ लाख. वरच्या सौम्य गृहीतकांनीही ३३ लाख कमी पडतात.

इथवरच्या चुका पट्ट्या सरकवून दुरुस्त होतात. पुढची होत नाही, कारण तिला पट्टीच नाही.

हे सगळे कॅल्क्युलेटर काम म्हणजे दिव्याचं बटण समजतात. ४५व्या वाढदिवसापर्यंत पूर्ण पगार, दुसऱ्या दिवसापासून शून्य. मधलं काही विचारत नाहीत. आठवड्याचे तीन दिवस काम, निम्म्या पगाराची पण मनाजोगती नोकरी, वर्षातून आठ महिने शिकवणं, एमआयडीसीतल्या दोन-तीन कारखान्यांना देखभालीचा सल्ला, यातलं काहीही टाकायला रकाना नाही. आणि चाळिशीतली जी मंडळी ‘लवकर निवृत्त व्हायचंय’ म्हणतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना काम नको असतं असं नाही, हे काम नको असतं. दोन्हींची किंमत अगदी वेगळी आहे. ती काढून पाहू.

हेच कुटुंब आजच, चाळिसाव्या वर्षी, असं काम धरतं ज्यात हातात फक्त घरखर्चाइतके ६०,००० येतात आणि पुढे महागाईइतकीच वाढ मिळते. शिल्लक शून्य, एसआयपी बंद, पण जवळच्या १ कोटी १० लाखांना साठीपर्यंत हात लावायचा नाही. ८ टक्क्यांनी ते वीस वर्षांत ५ कोटी १३ लाख होतात. साठीनंतरच्या २५ वर्षांसाठी तेव्हा लागतील ४ कोटी ६६ लाख. म्हणजे ज्या कुटुंबाला कॅल्क्युलेटर ‘अजून पाच वर्षं महिन्याला ९७,००० टाका, मग मोकळे’ सांगतो, ते या हिशेबाने एक लाखाची पगारकपात आजच सोसू शकतं.

परतावा ८ ऐवजी ७ धरला तर चित्र इतकं गुलाबी राहत नाही. ५ कोटी १७ लाख लागतात आणि जमतात ४ कोटी २६ लाख. ही तूट भरायला वीस वर्षं महिन्याला साधारण १८,५०० बाजूला टाकावे लागतात, म्हणजे हातात ७८-७९ हजार हवेत. तरीही आजच्या पगाराच्या निम्म्यानेच भागतं. गृहीतक बदललं तरी टिकणारा निष्कर्ष म्हणून मला हा कोटींच्या आकड्यापेक्षा कितीतरी उपयोगाचा वाटतो. चाळिशीतल्या सव्वा कोटीच्या आतल्या पुंजीत काम पूर्ण थांबवणं बसत नाही. कमी पगाराचं, पण सकाळी उठून जावंसं वाटणारं काम मात्र बसतं.

दुसरी वाट, ४५ला नोकरी सोडायची पण थोडं काम चालू ठेवायचं. ४५ ते ६० आजच्या किमतीने महिन्याला २५,००० मिळवले तर २ कोटी ७४ लाखांची गरज ५३ लाखांनी घटून २ कोटी २१ लाखांवर येते. हेच काम पाचच वर्षं चाललं आणि पन्नाशीत आटलं, तर वाचतात फक्त १९ लाख. हा फरक उघड्या डोळ्यांनी बघायला हवा, कारण सुटं काम टिकेलच अशी हमी कोणी देत नाही. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचं तर पैसे घेतलेल्या तासांचेच. मे महिना, दिवाळीची सुट्टी, परीक्षांचे आठवडे कोरडे, आणि बिल निघायला विलंब. वर्षाचे ३ लाख हवे असतील तर कामाच्या आठ महिन्यांत महिन्याला ३७,५०० चे तास मिळायला हवेत. सल्लागाराचं गणितही असंच: आधी काम, मग बिल, मग पाठपुरावा. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत वेगळा असल्याशिवाय यात पडू नये.

आणि तिसरी वाट, जी आवडीच्या कामाचे गोडवे गाणारे सांगत नाहीत. समजा ४५ला यांच्याकडे २ कोटी २० लाख आहेत, म्हणजे ५४ लाख कमी. नकोशी वाटणारी तीच नोकरी आणखी रेटली, वर्षाला १२ लाख शिल्लक टाकली, पुंजी ८ टक्क्यांनी वाढली, तर ४६ला तूट ३६ लाखांवर, ४७ला १६ लाखांवर, आणि ४८ला हिशेब पुरा होऊन थोडं वर उरतं. पंधरा वर्षांचं २५,००० चं काम जे भरून काढतं, ते मोठ्या पगाराची तीन वर्षं भरून काढतात. तेव्हा आवडीचं काम आर्थिकदृष्ट्या नेहमीच सरस, असं म्हणणाऱ्याने आकडे मांडलेले नाहीत. प्रश्न असा की ४८ला थांबल्यावर करणार काय. शिकवायचं, झाडं लावायची, कुणाच्या कारखान्यात मशीन लावून द्यायची असं काही आधीच डोक्यात असेल, तर ते आजपासून निम्म्या पगारात करता येत असताना तीन वर्षं वाट पाहणं मला तोट्याचं वाटतं. डोक्यात काहीच नसेल आणि नुसतं सुटायचं असेल, तर तीन वर्षं काढा. पैशाच्या हिशेबाने तेच स्वस्त आहे.

आधी एक साधी विभागणी करावी. नकोसं नेमकं काय आहे: काम, वरिष्ठ, प्रवास की तास? प्रवास असेल तर बदली किंवा घराजवळची नोकरी, आणि त्याची किंमत पगाराच्या थोड्या टक्क्यांत असते. तास असतील तर कमी दिवसांचा करार मागून पाहता येतो; मागण्याआधी पीएफ, ग्रॅच्युइटी आणि गटविमा त्या करारात राहतात का, हे लेखी घ्यावं. वरिष्ठ असेल तर विभाग बदलणं जवळपास फुकट. कामच नकोसं असेल तरच वरच्या मोठ्या आकड्यांकडे वळायचं. लवकर निवृत्ती हा या चारही तक्रारींवरचा एकच इलाज आहे आणि सगळ्या इलाजांतला सर्वांत महाग.

हे सगळं त्या कॅल्क्युलेटरमध्ये बसत नसल्याने स्वतःचा तक्ता करणं भाग आहे. अर्ध्या तासाचं काम. एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये सहा स्तंभ: वय, वर्षाच्या सुरुवातीची पुंजी, वर्षाचा खर्च, कामातून उत्पन्न, मोठे एकरकमी खर्च, वर्षाअखेरची पुंजी. ओळी आजच्या वयापासून ९० पर्यंत. खर्च दर ओळीला ६ टक्क्यांनी वाढवा. उत्पन्नाच्या स्तंभात करानंतर हाती येणारी रक्कमच हाताने भरा, तिला सूत्र लावू नका, कारण खऱ्या आयुष्यात ती एका वेगाने वाढत नाही. शेवटचा स्तंभ म्हणजे सुरुवातीची पुंजी वजा खर्च वजा एकरकमी अधिक उत्पन्न, आणि आलेल्या उत्तराला १.०७ ने गुणा. शून्याखालची ओळ लाल होईल असं करून ठेवा. मग उत्पन्नाचा स्तंभ तीनदा बदलून बघा: ४५ला शून्य, साठीपर्यंत थोडं, आणि आजपासून घरखर्चाइतकं. पहिली लाल ओळ कोणत्या वयाला येते ते लिहून ठेवा.

याच तक्त्यात बाजार पडल्याची चाचणी घ्या, कारण कॅल्क्युलेटर दरवर्षी तोच परतावा धरतो आणि बाजार तसा वागत नाही. २००८-०९ मध्ये सेन्सेक्स शिखरापासून सुमारे ६० टक्के उतरला होता. २०२० मध्ये जानेवारी ते मार्च एवढ्यात निफ्टी ३५ टक्क्यांहून जास्त. आपल्या कुटुंबाने ४५ला २ कोटी ७४ लाखांतून पहिल्या वर्षाचा खर्च काढला, उरलेल्यात ६० टक्के शेअर होते, ते त्या वर्षी ४० टक्के पडले, आणि रोख्यांनी ६ टक्के दिले. पुढच्या वर्षी हातात २ कोटी ७ लाख. खर्च मात्र वाढून १० लाख २१ हजार. पहिल्या वर्षी पुंजीच्या साडेतीन टक्के काढत होतात, आता जवळजवळ पाच टक्के. हीच पडझड साठाव्या वर्षी आली असती तर पुरवायची वर्षं कमी उरलेली असती. सुरुवातीच्या चार-पाच वर्षांतली पडझड निवृत्ती बुडवते, आणि नेमक्या त्याच वर्षांत थोडं उत्पन्न चालू असेल तर भाव पडलेले फंडाचे युनिट विकावे लागत नाहीत. २५,००० च्या कामाचा हा फायदा वरच्या ५३ लाखांत धरलेलाच नाही.

निवृत्तीच्या दिवशी १२ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर उडी मारायची म्हणजे शेअर विकून रोखे घ्यायचे, आणि त्यावर कर आहे, हे कॅल्क्युलेटरच्या गावीही नसतं. जुलै २०२४ पासून शेअर आणि शेअरप्रधान फंडांच्या दीर्घकालीन नफ्यावर वर्षाला सव्वा लाखाच्या वर साडेबारा टक्के कर लागतो. १ कोटी २० लाखांचा नफा एकाच वर्षी वसूल केला तर उपकरासह १५ लाखांच्या पुढे गेले. शिवाय उत्पन्न त्या वर्षी ५० लाखांच्या वर गेल्याने अधिभार वेगळा. शेवटच्या चार-पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने विकलं तर अधिभार टळू शकतो आणि दरवर्षीची सव्वा लाखाची सूटही पदरात पडते. दिलासा एवढाच की २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या व्याजासारख्या नेहमीच्या उत्पन्नावर करमाफी आहे. शेअरच्या नफ्याला ती लागू नाही. ही माफी दोघांनाही मिळावी म्हणून अर्धी एफडी बायकोच्या नावावर टाकायची हा नेहमीचा सल्ला मिळतो. पण पैसा नवऱ्याने दिलेला असेल तर त्याचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं.

सल्लागार म्हणून काम करणाऱ्याने तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एका ग्राहकाकडून वर्षाला ५०,००० च्या वर व्यावसायिक फी मिळाली तर १० टक्के टीडीएस कापून येतो, तो परत मिळायला विवरणपत्र भरून वाट पाहावी लागते. सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. आणि अभियंते, डॉक्टर, वकील, वास्तुविशारद, लेखापाल यांसारख्या ठरावीक व्यावसायिकांना अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत मिळालेल्या एकूण फीपैकी निम्मी रक्कम हेच उत्पन्न धरून कर भरता येतो, वह्या-पावत्यांचा व्याप वाचतो.

पीएफ कार्यालयाच्या पेन्शनवर भिस्त ठेवून कोणी ४५ला बाहेर पडत असेल तर त्याने सूत्र पाहून घ्यावं: पेन्शनयोग्य पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. पूर्ण पगारावरच्या वाढीव पेन्शनचा पर्याय न घेतलेल्यांना पगाराची कमाल मर्यादा १५,००० आहे, आणि १ सप्टेंबर २०१४ आधीच्या सेवेला ६,५०० च धरले जातात. २३ वर्षांच्या सेवेला १५,००० नेच हिशेब केला तरी ४,९२९ रुपये येतात. ज्याची बरीच सेवा २०१४ आधीची आहे त्याला याहून कमीच. तेही ५८व्या वर्षी. पन्नाशीपासून घेता येते, पण ५८ला जितकी वर्षं कमी तितक्या वर्षांची दर वर्षाला ४ टक्के कपात कायमची. ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठीनंतर. ५५ ते ६० मध्ये फक्त निवृत्त झालेल्यांना, स्वेच्छानिवृत्तीवाले धरून, आणि निवृत्तीचे पैसे हाती पडल्यापासून तीन महिन्यांत. तिची मर्यादाही ३० लाखच. पंचेचाळिशीतल्या माणसासाठी सरकारी आधार जवळपास नाही, हे कॅल्क्युलेटरवाल्या पानावर एका ओळीत लिहायला हरकत नव्हती.

आरोग्यविम्याबद्दल एवढंच, पण ते चुकवू नये. कंपनीचा गटविमा नोकरीबरोबर जातो. स्वतःची पॉलिसी राजीनाम्याच्या निदान तीन वर्षं आधी घ्यावी, कारण आधीपासूनच्या आजारांना विमा कंपनी कमाल ३६ महिने वाट पाहायला लावू शकते. मधुमेह निघाल्यावर पॉलिसी शोधायला गेलात तर हप्ता वाढतो किंवा नकार येतो. वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये शून्यावर आला, एवढीच सवलत. दोन मुलांसह चौघांचा हप्ता खर्चाच्या यादीत वेगळा धरा आणि तो महागाईपेक्षा जास्त वेगाने वाढवा, कारण वयाचा टप्पा बदलला की हप्ता उडी घेतो.

गुण द्यायचेच तर पाचपैकी दोन. पंचविशीतल्या पोराला चक्रवाढ काय करते हे दाखवायला हे कॅल्क्युलेटर चांगले आहेत. साठीत निवृत्त होणाऱ्या, मुलं मार्गी लागलेल्या, कर्ज फिटलेल्या माणसालाही ते ढोबळ दिशा देतात. २००४ पूर्वी केंद्र सरकारच्या सेवेत लागलेल्यांनी किंवा नोव्हेंबर २००५ पूर्वी राज्य सरकारच्या सेवेत लागलेल्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये. त्यांना महागाईबरोबर वाढणारं पेन्शन आहे आणि २० वर्षांच्या सेवेनंतर स्वेच्छानिवृत्तीचा मार्गही, त्यांचा हिशेब यात बसतच नाही. ज्यांचं काम शरीर मोडतं, रात्रपाळ्यांनी किंवा उभं राहून, त्यांनी वरचा तक्ता साठीऐवजी कामाची वर्षं ५०पर्यंतच धरून मांडावा. त्यांच्यासाठी ‘आवडीचं काम करत राहा’ हा सल्ला पोकळ आहे. बाकी चाळिशीतल्या पगारदारांनी कॅल्क्युलेटरचा आकडा पाहावा, हप्ता वेगळा काढून पुन्हा पाहावा, आणि शीट उघडावी. ‘सविस्तर अहवालासाठी मोबाइल नंबर द्या’ असं पान आलं की खिडकी बंद करा. त्या अहवालात वेगळं काही नसतं, फोन मात्र महिनाभर येत राहतात.